ब्रश पुसायची फळी

संचालकसाहेब, तुम्ही उभ्या आयुष्यात एकदाही ब्रश पुसलेला नाही. हा आरोप आहे आणि तो तोंडावर केलेला आहे. ब्रशाबद्दल तुम्ही भाषणं ठोकली असतील, ब्रश हातात घेतलेल्या माणसांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतले असतील. पण रंगात बुडवलेला ब्रश पाटीवर टेकवण्याआधी फळीवर चार वेळा ओढून त्याची धार काढायची, हे काम तुम्ही कधी केलेलं नाही. केलं असतंत तर तुमच्या संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, तिसऱ्या दालनात जे घडलं ते घडलं नसतं. आणि एका सरळमार्गी माणसाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहारेकऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसून स्वतःच्या बापाचा डावा हात शाबित करावा लागला नसता.

त्या सरळमार्गी माणसाला गल्लीत बोर्डवाले म्हणतात. खरं नाव कागदोपत्री आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते स्वतःच आधी मागे वळून बघतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या हाताने रंगवायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्या बाबांचाही तोच. आता पाट्या यंत्रातून ओल्या चादरीसारख्या बाहेर पडतात, त्यामुळे दुकानाला कुलूप लागून चार वर्षं झाली. धंदा गेला, खोड गेली नाही. रस्त्यात कुठे वाकडी पाटी दिसली की त्यांची मान आपोआप तिरकी होते आणि पाटी सरळ झाल्याशिवाय ती जागेवर येत नाही. तीन दुकानदारांनी त्यांना या कारणासाठी हाकललं आहे. एकाने तर स्टूल देऊन मग हाकललं.

आता फळीबद्दल. पाटी रंगवणाऱ्याच्या दुकानात, हाताशी, एक फळी टांगलेली असते. ब्रश रंगात बुडवला की तो थेट पाटीवर न्यायचा नाही. आधी या फळीवर ओढायचा. जादा रंग निघतो, केस एका रेषेत बसतात, मग अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी येते. वर्षानुवर्षं या फळीवर रंगावर रंग चढत जातात. घाण दिसते. पण कारागिराला ती प्राणाहून प्रिय असते. बोर्डवाल्यांच्या बाबांच्या फळीवर दुसऱ्या कुणी ब्रश ओढला तर बाबा दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. एकदा सोयरिकीसाठी घर बघायला आलेल्या एका पाहुण्याने नुसतं बोट लावून ‘ओलं आहे का?’ विचारलं, तर त्याची सोयरीकच मोडली.

एवढं ध्यानात ठेवा. आता गोष्ट.

रविवारची सकाळ होती. बोर्डवाल्यांच्या बायको आईंना पेपर वाचून दाखवत होत्या. आईंचं वय त्र्याऐंशी. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं, पण कान असे की तिसऱ्या घरात कुणी पुटपुटलं तरी उत्तर इथून जातं. पेपरात बातमी होती की एका थोर, दिवंगत अमूर्त चित्रकारावर संग्रहालयात प्रदर्शन भरलं आहे. अमूर्त म्हणजे ज्यात काय काढलंय ते विचारायचं नसतं. हा चित्रकार थोर होण्याआधी त्याच्यावर कुणाकुणाचे संस्कार झाले, त्याचा हात कुणी घडवला, ते सगळं त्यात मांडलेलं होतं. चित्रकाराचं नाव ऐकलं मात्र, आईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“अगं, हा तर आपला लांब्या!”

“कोण लांब्या?” बोर्डवाले आतून आले.

“विसरलास? दाराच्या चौकटीला डोकं आपटायचा तो. वीस-एकवीसचा असेल. दोन वर्षं दुकानात होता तुझ्या बाबांच्या हाताखाली. तीन महिने त्याला नुसती रेघ मारायला लावली होती त्यांनी. रडायचा इथं माझ्याजवळ येऊन. काकू, मी काय जन्मभर रेघाच मारू?”

“मग?”

“मग काय, जन्मभर रेघाच मारल्या, आणि थोर झाला!” आई खूश झाल्या. “जाताना फळी मागून नेली त्याने. मी म्हटलं, अरे, नवी देते, ती घाण कशाला नेतोस? तर म्हणाला, काकू, हीच द्या. आणि तुझ्या बाबांनी दिली रे! ज्या माणसाने फळीपायी सोयरीक मोडली, त्याने दिली. नंतर महिनाभर नव्या फळीवर हात बसेना म्हणून माझ्यावर चिडत होते.”

मग आई म्हणाल्या, “म्हणजे तिथं तुझ्या बाबांचं नाव असणार. कुणी शिकवलं ते सांगायलाच मांडलंय ना सगळं? जा, वाचून ये. आणि किती मोठ्या अक्षरात आहे तेही बघून ये. नुसतं ‘आहे’ म्हणून सांगू नकोस.”

काम एवढंच होतं. जायचं, वाचायचं, परत येऊन सांगायचं. दुपारच्या जेवणापर्यंत माणूस घरी. पण वरच्या मजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहतात, आणि जिन्यात त्यांना टाळून खाली उतरणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

“नुसते निघालात?” हेडक्लार्कांनी विचारलं. “हातात काही नाही?”

“प्रदर्शन बघायला चाललोय.”

“बोर्डवाले, सरकारी इमारतीत रिकाम्या हाताने गेलेला माणूस म्हणजे गर्दी. हातात अर्ज असला की तो अर्जदार होतो.”

“पण अर्ज कशाचा?”

“कशाचा ते मागाहून ठरवता येतं. वरती ‘विषय’ लिहून पुढे जागा सोडायची.” आणि त्यांनी खरोखरच घरातून एक कोरा अर्ज आणून बोर्डवाल्यांच्या खिशात कोंबला. खाली सही करून घेतली. “आणि एक लक्षात ठेवा. अमूर्त चित्रासमोर हसायचं नाही. मान हलवायची आणि ‘हं’ म्हणायचं. तीन चित्रांमागे एक ‘हं’ पुरतं. जास्त म्हटलंत तर समजलंय असं वाटून कुणीतरी बोलायला येईल.”

बायकोही बरोबर निघाल्या होत्या. संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने बोर्डवाल्यांचे खिसे तपासले. एका खिशात अर्ज निघाला, तो पाहून पहारेकरी अदबीने सरळ झाला. हेडक्लार्कांना याचं श्रेय द्यायलाच हवं. दुसऱ्या खिशात खडू निघाला.

“हा कशाला?”

“सवय आहे.”

“कसली?”

“रेघ आखायची.”

“आत रेघा आखायच्या नाहीत,” पहारेकरी म्हणाला आणि खडू जमा करून घेऊन त्याने पावती फाडली : ‘खडू, पांढरा, अर्धा, नग एक.’ बोर्डवाल्यांनी पावती घडी करून ठेवली. चाळीस वर्षांच्या धंद्यात खडूची पावती त्यांना प्रथमच मिळत होती.

तिसऱ्या दालनाच्या दारावर ‘सुरुवातीचे प्रभाव’ असं लिहिलं होतं. छापील अक्षरं, पोटाशी फुगलेली, दोन शब्दांत अंतर जास्त. बोर्डवाले मनात चरफडले, पण ‘हं’ म्हणाले. आत काचेच्या कपाटांतून त्या बिचाऱ्या लांब्याचं सगळं बालपण उघडं करून ठेवलं होतं. लहानपणी वाचलेलं एक परदेशी पुस्तक. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचा फोटो, खाली नाव. मावशीने विणलेला स्वेटर, मावशीचं नाव. ज्या डॉक्टरांनी गोवर झाल्यावर महिनाभर अंथरुणात पडून राहायला सांगितलं आणि त्यामुळे तो छताकडे बघायला शिकला, त्या डॉक्टरांचं नाव. एक मांजर होती. मांजरीच्या पाठीवरच्या पट्ट्यांनी म्हणे त्याला उभ्या रेघेची ओढ लावली. मांजरीचा फोटो होता. मांजरीचं नाव होतं.

“अहो, बाबांचं कुठंय?” बायकोने हळूच विचारलं.

“असेल पुढे. मोठी नावं शेवटी असतात.”

शेवटी, भिंतीच्या मधोमध, वेगळ्या दिव्याखाली, फळी होती.

बोर्डवाल्यांनी ती चाळीस वर्षांनी पाहिली आणि एका क्षणात ओळखली, जसा माणूस गर्दीत बापाची पाठ ओळखतो. कडेचा तुटका तुकडा तोच, मधला हिरव्या रंगाचा जाड थर तोच; शाळांच्या पाट्यांचं काम मिळालं होतं त्या वर्षीचा तो हिरवा. त्यांच्या तोंडून ‘हं’ निघालं नाही. मग त्यांनी शेजारचा छापील मजकूर वाचला :

‘शीर्षक नाही. लाकडावर एनॅमल. चित्रकाराची उपलब्ध असलेली सर्वांत पहिली अमूर्त कृती. सर्व फटकारे एकाच दिशेला कलतात. त्यात तरुण मनाची बंडखोरी दिसते. रंगाचे ओघळ खालून वर चढतात. हा गुरुत्वाकर्षणाला दिलेला नकार आहे.’

ओघळ वर चढत होते, कारण फळी उलटी टांगली होती.

यानंतर जे झालं त्याबद्दल बोर्डवाल्यांना दोष देणाऱ्याने आधी चाळीस वर्षं पाट्या टांगून पाहाव्यात. त्यांची मान तिरकी झाली. मग आणखी तिरकी झाली. डोकं जवळजवळ खांद्याला टेकलं तरी फळी सरळ होईना. बायकोने ‘अहो!’ म्हणेपर्यंत ते दोरी ओलांडून पलीकडे गेले होते. त्यांनी फळी दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला उचलावं तशी, खिळ्यावरून उचलली, फिरवली आणि सरळ टांगली. एक पाऊल मागे येऊन एक डोळा मिटून बघितलं. कड भिंतीला अगदी समांतर होती. त्यांची मान जागेवर आली.

मग भोंगा वाजला.

असा वाजला की खालच्या मजल्यावर दगडी पुतळे बघायला आलेली एक अख्खी शाळा रांगेत बाहेर पडून मैदानात उभी राहिली. भोंगा बंद करायची किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. त्यामुळे पुढची चाळीस मिनिटं जे काही बोलणं झालं ते ओरडून झालं. आपण कुणाचा मुलगा आहोत, हे माणसाने सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, यात कसलीही शोभा नसते.

पहारेकऱ्याच्या खोलीत नोंदवही काढण्यात आली. नोंदवहीत तीनच रकाने होते : ‘हरवले’, ‘सापडले’, ‘आजारी पडले’. ‘सरळ केले’ असा रकाना नव्हता. पहारेकरी बिचारा पेन घेऊन बराच वेळ विचार करत राहिला आणि अखेर त्याने बोर्डवाल्यांना ‘आजारी पडले’मध्ये घातलं. “त्यातल्या त्यात यात त्रास कमी,” तो ओरडला.

“कुठं न्यायची सोय नाही!” बायको ओरडल्या. “लग्नात माझ्या काकांच्या घरातली तसबीर सरळ करायला चढले होते. भर मांडवातून उठून!”

“ती वाकडी होती!”

“मुहूर्त टळला!”

तेवढ्यात किल्ली सापडली आणि शेवटचा शब्द शांततेत घुमला. त्याच क्षणी क्युरेटरबाई आत आल्या. प्रदर्शनाची सगळी मांडणी त्यांनी केली होती. तरुण, जाड चष्मा, चेहऱ्यावर झोप नसलेल्या माणसाचा भलेपणा. बोर्डवाल्यांना वाटलं होतं त्या अंगावर येतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “सांगा.”

बोर्डवाल्यांनी सांगितलं. फळी कशाची, कुणाची, कशासाठी. ओघळ खाली का जातात. “आणि फटकारे कलतात ती बंडखोरी नाही बाई. माझे बाबा डावखुरे होते. डाव्या हाताने ब्रश ओढला की कल असा येतो. उजव्याने उलटा. तुमच्या बाहेरच्या फोटोत लांब्याच्या… साहेबांच्या उजव्या हातात ब्रश आहे. द्या पेन, दाखवतो.” त्यांनी कागदावर दोन्ही हातांनी रेघा ओढून दाखवल्या. “आता हा कागद उलटा धरा. बघा. डोकं खाली केलं तरी कल बदलत नाही. माणूस उलटा टांगला तरी डावखुराच राहतो.”

क्युरेटरबाईंनी कागद चार वेळा फिरवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मी या फटकाऱ्यांवर बेचाळीस पानं लिहिली आहेत,” त्या अगदी हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही बरोबर सांगताय. पण मजकूर बदलायचा तर समिती लागते. समितीवर संचालकसाहेब. तुम्हाला लेखी द्यावं लागेल.”

बोर्डवाल्यांनी खिशातून सही केलेला कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला.

“विषय तेवढा घाला,” ते म्हणाले.

घरी आईंना काय सांगायचं, हा त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा प्रश्न होता. बोर्डवाले म्हणाले, “नाव अजून लावायचंय. काम चालू आहे.” आई म्हणाल्या, “सावकाश होऊ दे. घाईत अक्षर बिघडतं.”

आता कागदांचा खेळ सुरू झाला आणि हेडक्लार्क दहा वर्षांनी तरुण दिसू लागले. सकाळी दाढी करून, शर्ट खोचून ते आपणहून खाली येत. “आजचं टपाल?” असं विचारत. संग्रहालयाचं पहिलं पत्र आलं : ‘अर्ज तीन प्रतींत पाठवावा. वडिलांचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहावे.’ बोर्डवाल्यांना ठळक अक्षरांत लिहायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. त्यांनी चपटा ब्रश काढला आणि तिन्ही प्रतींवर बाबांचं नाव असं लिहिलं की हेडक्लार्क म्हणाले, “हे पाकिटात घालवत नाही हो. दारावर लावावंसं वाटतं.”

दुसरं पत्र : ‘सदर इसम डावखुरे असल्याचा दाखला जोडावा.’ मृत्यूच्या दाखल्यात हाताचा रकाना नसतो. बोर्डवाले डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “जिवंत माणसाला इकडे आणा, दोन मिनिटांत देतो.” असं म्हणून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी बोर्डवाल्यांचा रक्तदाब तपासून दिला. तो वाढला होता.

तिसरं पत्र : ‘घरातील जाणत्या व्यक्तीचे निवेदन जोडावे.’ आईंनी पाठ ताठ करून निवेदन सांगितलं आणि हेडक्लार्कांनी लिहून घेतलं : “रंगवायला डावा. सही करायला डावा. पोराच्या पाठीत दोन्ही.” हेडक्लार्क शेवटचं वाक्य गाळत होते, आईंनी कानानेच पकडलं आणि घालायला लावलं.

मग माळ्यावरच्या पेटीत फोटो सापडला. बाबा शिडीवर, एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना, डाव्या हातात ब्रश. दिला पाठवून. चौथं पत्र आलं : ‘छायाचित्र उलटे छापले गेले असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’

त्या पत्राने मात्र बोर्डवाले दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्यांना सुचलं आणि ते टॉवेलवर जिना चढून वर गेले. “हेडक्लार्क, फोटोत पाटी आहे! पाटीवर अक्षरं आहेत! फोटो उलटा असता तर अक्षरं उलटी दिसली असती!”

“आणि कोपऱ्यात?” हेडक्लार्कांनी भिंग लावलं. “हे बारीक काय आहे?”

“ती बाबांची सही. पाटी पुरी झाली की खाली कोपऱ्यात नाव टाकायचे ते. आम्ही सगळेच टाकतो. म्हणजे टाकायचो.”

सही भिंगातून स्वच्छ वाचता येत होती. हेडक्लार्क खुर्चीवर बसले, म्हणाले, “बोर्डवाले, पस्तीस वर्षं नोकरी केली. इतकं पक्कं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नाही,” आणि टॉवेलवरच्या माणसाला त्यांनी मिठी मारली.

पाचवं पत्र तरीही आलंच : ‘छायाचित्रातील इसम पाटी रंगवीत आहेत, ब्रश पुसत नाहीत. पुसताना कोणता हात वापरत, याचा खुलासा करावा.’ हेडक्लार्कांनी एका ओळीत खुलासा केला : ‘ज्या हातात ब्रश, त्याच हाताने.’

त्यानंतर दीड महिना काही आलं नाही. आई रोज संध्याकाळी विचारत, “लावलं का रे नाव?” आणि बोर्डवाले म्हणत, “अस्तर लावलंय. वाळतंय.” रंगाखालचं अस्तर वाळायला दीड महिना लागत नाही, हे आईंना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त एकदा रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या, “मी असताना झालं म्हणजे झालं.”

आणि पत्र आलं. जाड कागद, वर संग्रहालयाचं चिन्ह, खाली संचालकसाहेबांची स्वतःची सही. ‘आपल्या अर्जाचा समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला असून सदर वस्तूचा मजकूर दुरुस्त करण्यात आला आहे. आपण सहकुटुंब भेट द्यावी.’

सहकुटुंब! गल्लीत पत्र हातोहात फिरलं. समोरच्या दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली. आईंनी ठेवणीतलं लुगडं नेसायला काढलं आणि केस दोनदा विंचरून घेतले, एकदा सुनेकडून, एकदा तिच्यावर विश्वास नाही म्हणून स्वतः. हेडक्लार्कांनी फाइल बगलेत मारली, तारीखवार, दोऱ्याने बांधलेली. दारात तोच पहारेकरी होता. त्याने खडू मागितला नाही, उलट आपुलकीने विचारलं, “आता तब्येत कशी आहे?” वहीत अजून ते आजारीच होते.

तिसऱ्या दालनात क्युरेटरबाई वाट बघत उभ्या होत्या, पण पुढे आल्या नाहीत. बोर्डवाल्यांना ते खटकायला हवं होतं. फळी पुन्हा उलटीच टांगली होती. पुस्तिकेत तशी छापून झाली होती म्हणे. पण शेजारचा मजकूर नवा होता, पांढरा शुभ्र. बायकोने खुर्ची अगदी जवळ नेली. आईंनी हात मांडीवर जुळवून ठेवले.

“वाच.”

बोर्डवाल्यांनी मजकूर मनात वाचला. पुन्हा वाचला. त्यांच्या खांद्यावरून हेडक्लार्कांनी वाचला आणि त्यांच्या बगलेतली फाइल खाली पडली. हेडक्लार्क कानाशी पुटपुटले, “नाव घालून वाचा. त्यांना काय दिसतंय?”

सोपं होतं ते. पण पाटीवर आहे तेच आणि तेवढंच वाचायचं, हे ज्याने लहानपणी कान धरून शिकवलं, त्याच माणसाच्या बाबतीत पाटी खोटी वाचायची कशी? बोर्डवाल्यांनी घसा साफ केला आणि शाळेत वाचावं तसं, एकेक शब्द मोकळा करून वाचलं :

“‘ब्रश पुसण्याची फळी. अज्ञात कारागिराच्या दुकानातून. या टाकाऊ वस्तूवरून चित्रकाराला पहिली प्रेरणा मिळाली असावी.’”

आईंनी मान किंचित वळवली.

“अज्ञात म्हणजे?”

“म्हणजे… कोण ते माहीत नाही असा.”

“कुणाला माहीत नाही?”

“यांना.”

आईंनी विचारलं, आवाज न चढवता, बाजारात भाव विचारावा तसं : “मग मी चोपन्न वर्षं कुणाच्या घरात नांदले?”

क्युरेटरबाई पुढे आल्या. खाली वाकून आईंच्या खुर्चीशी बसल्या. त्यांचा चष्मा ओला होता. “आजी, मी नाव लिहून दिलं होतं. पूर्ण नाव. समितीने काढलं. इथं अशी पद्धत आहे… ज्यांचं काम संग्रहालयाच्या कलाकारांच्या यादीत नाही, त्यांना मजकुरात अज्ञात म्हणतात. नाव फायलीत आहे. यादीत नाही.”

“यादीत येण्यासाठी काय लागतं?” हेडक्लार्कांनी जमिनीवरचे कागद गोळा करता करता विचारलं.

“त्यांचं एखादं काम संग्रहात असावं लागतं.”

सगळ्यांनी फळीकडे बघितलं.

“हे काम नाही,” क्युरेटरबाई म्हणाल्या. “तुम्हीच लेखी दिलंय. हे नुसतं पुसणं आहे.”

बोर्डवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उलटं टांगलेलं काही पाहिलं आणि त्यांची मान तिरकी झाली नाही. ती खाली गेली.

“मांजरीचं काम आहे का तुमच्या संग्रहात?” बायकोने विचारलं. त्यांचा आवाज मात्र चढला होता. “तिचं नाव कसं मग?”

आईंनी चाचपडत क्युरेटरबाईंचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. “तू चांगली आहेस गं. तू नाही ठरवलंस. ज्याने ठरवलं त्याला बोलाव.”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत, आजी.”

“असू दे की. मला कुठं जायचंय?” आणि त्यांनी सुनेला सांगितलं, “ही खुर्ची दवाखान्याची आहे, ती परत करायला हवी. मला त्या बाकावर बसव.”

दालनाच्या मधोमध, चित्रांकडे निवांत बघता यावं म्हणून ठेवलेला एक लांब बाक आहे. आई त्यावर बसल्या आहेत. शेजारी बोर्डवाले आहेत, पलीकडे त्यांची बायको, आणि कडेला हेडक्लार्क, मांडीवर फाइल उघडून. बंद व्हायची वेळ झाल्याचं सांगायला पहारेकरी दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने आईंसाठी पाणी आणलं आणि वही काढून विचारलं, “काय लिहू?” आई म्हणाल्या, “बसली आहे, असं लिही.” तसा रकाना नाही. त्याने तो स्वतः पट्टीने आखला.

संचालकसाहेब, तुमची मीटिंग आता संपली असेल. तुमची खोली वरच्या मजल्यावर आहे, मध्ये फक्त एक जिना आहे. ज्या माणसाला तुम्ही अज्ञात म्हटलंत, त्याचं नाव तुमच्या कपाटात तीन प्रतींत आहे, ठळक अक्षरांत, तुम्हीच मागितलं म्हणून. त्याची सही तुमच्या फोटोत आहे. त्याचा डावा हात तुमच्या भिंतीवर आहे. आणि त्याची बायको तुमच्या बाकावर बसली आहे. तिने एकच प्रश्न विचारला आहे, साधा. त्याला समिती लागत नाही.

उत्तर पत्राने पाठवू नका. तिला वाचता येत नाही. खाली या, तिच्यासमोर उभे राहा आणि तोंडाने सांगा : ती चोपन्न वर्षं कुणाच्या घरात नांदली?